आत्याचं ‘स्वस्थ’

माझी आत्या एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढत होती. या एकतीस वर्षांत तिच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द म्हणजे ‘स्वस्थ’. ‘स्वस्थ पडा हं.’ ‘जरा स्वस्थ उभे राहा.’ ‘बाळाला स्वस्थ धरा, आई.’ दिवसाला साठेक पेशंट आणि प्रत्येकाला निदान दोनदा. गुणाकार तुम्हीच करा.

तिची खोली तळमजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला होती. खरं तर त्या दोन खोल्या. मध्ये जाड भिंत आणि भिंतीत वहीएवढी, शिसं घातलेली काच. काचेच्या पलीकडे थंडगार टेबल आणि त्यावर पडलेला माणूस, अलीकडे आत्या आणि तिचं बटण. माणसाला टेबलावर नीट घ्यायचं, पाय हवा तसा वळवायचा, हनुवटी वर करायची, आणि मग त्याला तिथे एकट्याला सोडून भिंतीमागे जायचं.

‘जगात अशी दुसरी नोकरी नसेल,’ ती म्हणायची. ‘माणसाला हात लावायचा, आणि ऐन वेळी पळून जायचं.’

तेव्हा फिल्म धुवायला लागायच्या. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत तिचा अर्धा दिवस जायचा, आणि त्या रसायनांचा आंबट वास तिच्या कपड्यांना, केसांना, अगदी पर्सलासुद्धा असायचा. मी लहान असताना ती आमच्याकडे आली की मी दारातूनच ओरडायचे, ‘व्हिनेगर आत्या आली!’ ती हसायची. ते तिला लागत असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

बाबा सांगतात, लहानपणी आत्या म्हणजे नुसती भिंगरी होती. जेवताना दोनदा उठायची, अभ्यास येरझाऱ्या घालत करायची, झोपेतसुद्धा लाथा झाडायची. आजोबा शिस्तीचे. त्यांच्या घरात ‘स्वस्थ बस’ ही विनंती नसायची, शिक्षा असायची. कोपऱ्यातल्या स्टुलावर स्वस्थ बस. पाहुणे जाईपर्यंत स्वस्थ बस. इतक्या वेळा सांगितल्यावर आत्या जी बसली ती बसलीच. पुढे पुढे लोक तिचं कौतुक करायला लागले, ‘मुलगी किती शांत आहे!’

आजोबा गेले, बाबांना दुसऱ्या गावी नोकरी लागली, आणि त्याच वर्षी आजीची बशी वाजायला लागली. म्हणजे चहा घेताना कप बशीवर किणकिणायचा. आधी सगळे हसले, आजीसकट. मग उजवा हात थरथरू लागला, मग डावा, मग मान. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. भावंडांपैकी कुणीतरी घरी राहायला हवं होतं. बाबांनी जायचं आणि आत्याने राहायचं असं कुणी बसून ठरवलं नव्हतं. बाबा गेले, एवढंच. आत्याला दोन स्थळं सांगून आली होती. दोन्हीकडच्यांनी आईबद्दल विचारलं, आणि पुढे विषय वाढला नाही. चौदा वर्षं त्या दोघी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहिल्या.

एका सकाळी आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडल्याची शंका होती. स्ट्रेचर बोळातून ढकलत आणलं ते आत्याच्याच खोलीत. त्या दिवशी दुसरं कुणी ड्यूटीवर नव्हतं. आत्याने आपल्या आईला टेबलावर घेतलं, पाय सरळ केला, आणि रोजच्यासारखं म्हणाली, ‘आई, स्वस्थ पड.’

फिल्म धुरकट आली. दुसरीही तशीच. थरथर पायापर्यंत उतरली होती. तिसऱ्या वेळी आत्याचा आवाज चढला.

‘आई, किती वेळा सांगू? स्वस्थ पड ना गं!’

आजी छताकडे बघत होती. ती म्हणाली, ‘मी स्वस्थच आहे. अंग हलतंय, त्याला मी काय करू? तूच जरा स्वस्थ हो.’

आत्या भिंतीमागे गेली ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली. बाहेरून स्ट्रेचरवाला विचारत होता, ‘झालं का बाई?’ हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ‘मला लाज वाटली,’ ती म्हणाली. ‘तिला ओरडले म्हणून तर वाटलीच. पण रोज साठ माणसांना मी जे कर म्हणून सांगत होते, ते काय असतं हे मलाच ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर न हलता बसले होते गं. स्वस्थ कधी होते मी?’

मग तिने आजीच्या पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावल्या, यंत्रावरचा वेळ होता होईल तेवढा कमी केला, आणि फोटो काढला. तो स्वच्छ आला. हाड मोडलंच होतं. आजी त्यानंतर सात महिने होती.

आजी गेल्यावर घर एकदम थांबलं. वाजणारी बशी नाही, पलंगाची कुरकुर नाही. खालच्या दुकानात हातोडी चालायची तेवढाच आवाज. आत्या ओट्याशी उभ्यानेच जेवायला लागली, कारण बसलं की समोरची खुर्ची दिसायची. बाबा पंधरा दिवसांनी फोन करायचे.

‘कशी आहेस?’

‘बरी आहे, दादा.’

‘काही हवंय का?’

‘नको. वहिनी कशी आहे?’

‘मजेत. बरं, निवांत बोलू मग.’

‘निवांत’ हा शब्द आमच्या घरात फोन ठेवण्यासाठी वापरला जायचा. मीही पुढे तसाच वापरला. कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगी. प्रत्येक फोनच्या शेवटी, ‘आत्या, निवांत येते गं एकदा.’ ती म्हणायची, ‘ये की.’ मी नक्की कधी येणार हे तिने मला एकदाही विचारलं नाही.

रजेचा दिवस तिला खायला उठायचा. मग ती साधी साडी नेसून दवाखान्यातच जायची आणि दुसऱ्या मजल्यावर, डोळ्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसायची. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. बाकावर माणसं एकमेकांना खेटून बसलेली असत. कुणीतरी विचारायचंच, ‘तुमचा नंबर कितवा?’ ती म्हणायची, ‘माझा बराच मागे आहे. तुम्ही व्हा पुढे.’ तासाभराने ती उठून घरी यायची. हे तिने मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसले होते. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना नवं यंत्र आलं. फिल्म बंद, अंधारी खोली बंद, फोटो थेट पडद्यावर. आत्याच्या केसांचा वास दोन महिन्यांत गेला. यंत्राला आवाजही होता. बटण दाबलं की छतातून सूचना यायच्या, पण परक्या भाषेत. बसवायला आलेला इंजिनियर म्हणाला, ‘तुमच्यातल्या कुणाचाही आवाज भरता येतो. एकदा भरला की झालं. बोलून बोलून घसा सुकवायला नको.’

विभागाच्या डॉक्टरीणबाई नवीन होत्या, वयाने आत्याच्या निम्म्या, आणि कामाला चोख. त्यांची घरची भाषा वेगळी, पण आपली भाषा त्या छान शिकल्या होत्या. त्यांनी कागदावर वाक्यं लिहून आणली. श्वास घ्या. श्वास रोखा. हलू नका. श्वास सोडा.

आत्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला सवयीने म्हणून गेली, ‘स्वस्थ पडा हं.’

‘थांबा, थांबा,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘कागदावर तसं नाहीये.’

‘पण मी तसंच म्हणते. सगळ्यांना कळतं.’

‘अहो, आमच्याकडे स्वस्थ म्हणजे तब्येतीने ठणठणीत. हाड मोडून आलेल्या माणसाला तुम्ही काय ठणठणीत पडा म्हणणार?’

इंजिनियर फिसकन हसला. आत्याही हसली, पण हटली नाही. ‘तुमच्याकडे असेल. आमच्याकडे काम सांगितल्यावर एखादा नुसता स्वस्थ बसला, तर तो काही ठणठणीत म्हणून बसलेला नसतो.’

‘मग काय, आळशी?’

‘कधी कधी आळशीसुद्धा.’

‘बघा! म्हणजे पेशंटला आपण आळशी म्हणतो.’

‘नाही हो. आता आपले कामगार पुढारी नाहीत का, गेटवर ओरडतात, आम्ही स्वस्थ बसणार नाही! परवा ते छातीचा फोटो काढायला आले होते. मी म्हटलं, साहेब, दोन सेकंद तरी बसा.’

आता डॉक्टरीणबाईही हसल्या. पण शेवटी त्या म्हणाल्या, ‘बाई, या एका शब्दाचे तुम्हीच मला तीन अर्थ सांगितलेत. यंत्राला एक अर्थ लागतो. हलू नका म्हणजे हलू नका.’

त्यांचं चुकत नव्हतं, असं आत्या आजही म्हणते. तिला एवढंच सांगायचं होतं की ‘हलू नका’ हा हुकूम झाला, आणि ‘स्वस्थ पडा’ म्हटलं की माणसाचे खांदे खाली येतात. हे तिने हजारो वेळा काचेतून पाहिलं होतं. पण ते नेमकं कसं सांगायचं हे तिला त्या क्षणी सुचलं नाही. तिने कागद पुढे ओढला आणि लिहिलं होतं तसं वाचलं.

मग दिवस असे सुरू झाले की आत्या काचेमागे तोंड मिटून उभी, आणि छतातून तिचाच आवाज येतोय. पेशंट छताला ‘हो बाई’ म्हणायचे. एका म्हातारबाईंनी जाताना छताकडे बघून नमस्कार केला. आत्या घरी कुणाशी बोलत नव्हतीच. आता दवाखान्यातही बोलायचं कारण उरलं नाही. एकदा संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना आपला आवाज घोगरा लागतोय हे तिच्या लक्षात आलं. दिवसभरातलं ते तिचं पहिलं वाक्य होतं.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात पाटीवाले आले. वय सत्तरीच्या पुढे, उंच, शर्टाच्या खिशाला जुन्या रंगाचे डाग. जिन्यावरून पडून उजवा दंड मोडला होता, आणि हाताला कंप होता. आयुष्यभर दुकानांच्या, शाळांच्या, बसच्या पाट्या रंगवलेला माणूस. आत्याने त्यांना टेबलावर घेतलं आणि ती भिंतीमागे गेली.

‘हलू नका,’ छत म्हणालं.

फोटो बिघडला. पुन्हा. ‘हलू नका.’ पुन्हा बिघडला.

पाटीवाले शांतपणे म्हणाले, ‘बाई, हे वर कोण आहे? त्यांना म्हणावं, माझ्या हाताला ऐकू येत नाही.’

आत्या भिंतीमागून बाहेर आली. कपाटाच्या तळातून तिने जुन्या वाळूच्या पिशव्या काढल्या, त्यांच्या कोपराला आणि मनगटाला लावल्या, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘हात हलतोय तर हलू दे. तुम्ही स्वस्थ पडा.’

‘अरेच्चा!’ ते म्हणाले. ‘वरची बाई खाली आली की!’

आत्या इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग तिने यंत्राचा आवाज बंद केला आणि फोटो काढला.

हाड जुळतंय का ते बघायला ते तीन आठवड्यांनी आले, मग सहा, मग तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी आत्या आवाज बंद करायची, आणि ते काहीतरी बोलायचे. दवाखान्यातल्या जुन्या पाट्या त्यांनीच रंगवल्या होत्या.

‘तुमच्या या इमारतीत मी एकोणीस ठिकाणी “शांतता राखा” लिहिलंय,’ ते म्हणाले. ‘कुणी राखलेली एकदाही बघितली नाही.’

‘आणि “स्वस्थ” कधी लिहिलंत?’ आत्याने विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. ‘नाही बुवा. शांतता बाहेरची असते, ती पाटी लावून मागता येते. स्वस्थ राहा अशी पाटी कोण लावणार? आणि लावली तर कोण ऐकणार?’ मग थरथरतं बोट हवेत फिरवत म्हणाले, ‘अवघडही आहे लिहायला. दोन अक्षरं, दोन्ही जोडाक्षरं. हात पक्का असतानासुद्धा मी दोनदा आखून घेतलं असतं.’

चौथ्या वेळी हाड पूर्ण जुळलेलं होतं. आता यायचं कारण नव्हतं. पाटीवाले दाराशी घुटमळले.

‘घरी या कधीतरी. सून असते, नातू असतात, पण सगळे धावपळीत. गुरुवारी दुपारी मी एकटाच असतो.’

आणि आत्या, जिने आयुष्यभर हे वाक्य दुसऱ्यांकडून ऐकलं होतं, ती म्हणाली, ‘हो, येईन. दोन महिन्यांत निवृत्त होतेय. मग निवांत येते.’

निवृत्तीच्या दिवशी दवाखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. डॉक्टरीणबाईंनी चार शब्द बोलताना सांगितलं, ‘बाई गेल्या तरी त्यांचा आवाज आमच्याकडेच राहणार आहे.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाटीवाल्यांकडे जायला तिला त्यानंतर पाच महिने लागले. रोज वाटायचं, काय म्हणून जायचं? फोटो काढणारी बाई म्हणून? दोनदा ती त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा मात्र जिना चढली. सुनेने दार उघडलं.

‘मी दवाखान्यातली. एक्स-रेवाली.’

‘या, या. तुमच्याबद्दल सांगायचे ते. पण आता बोलणं फार कमी झालंय हो. आवाजच फुटत नाही.’

ते खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. पाच महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. आत्या समोर बसली. त्यांनी तिला ओळखलं. ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही. ती वाकली, कान जवळ नेला.

‘उशीर केलात,’ ते म्हणाले. पुढेही काही म्हणाले, ते तिला कळलं नाही.

तेव्हापासून आत्या दर गुरुवारी दुपारी जायला लागली. सून तेवढ्यात बाजारहाट उरकून यायची. ते दोघं खिडकीशी बसत. पहिल्या काही गुरुवारी आत्याने बोलायचे विषय ठरवून नेले होते. ते पंधरा मिनिटांत संपायचे. मग तिची बोटं पदराशी चाळा करायची, पाय हलायचा, नजर घड्याळाकडे जायची. लहानपणीची भिंगरी कुठे गेलीच नव्हती.

‘आणि ते बसलेले असायचे,’ तिने मला सांगितलं. ‘हात थरथरतोय, मान थरथरतेय, लाळ पुसावी लागतेय. पण त्या खोलीत चुळबुळ माझीच चालायची. डोळे बघितले की कळायचं. या माणसाला कुठे जायचं नाहीये.’

सात-आठ गुरुवारांनंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं की सून परत आली, दिवेलागण झाली, आणि आपण दोन तास काहीच केलं नाही. कंटाळाही आला नाही. ती म्हणते, तसं फार वेळा झालं नाही. सगळे मिळून पाच-सहा गुरुवार असतील.

थंडीत ते गेले. आत्याला दोन दिवसांनी कळलं. पुढच्या गुरुवारी सुनेचा फोन आला, ‘येताय ना?’ आत्या गेली. दोघींनी चहा घेतला. सून चांगली बाई, पण दोघींकडे एकमेकींशी बोलायला काही नव्हतं, आणि न बोलता बसता येईल इतकी ओळखही नव्हती. आरामखुर्ची आतल्या खोलीत हलवली होती. आत्या परत आली आणि मग गेली नाही.

पाटीवाल्यांचं हे सगळं मला कळलं ते गेल्या वर्षी, कामासाठी तिच्या गावी गेले तेव्हा. दोन बैठकांच्या मध्ये तीन तास मोकळे होते, म्हणून तिच्याकडे गेले. ती सांगत होती आणि मी ऐकताना दोनदा मोबाइल बघितला. दुसऱ्यांदा तिने बोलणं थांबवलं. रागावली नाही. म्हणाली, ‘तुला बैठकीला उशीर होईल. राहिलेलं निवांत सांगेन.’

तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मला हलताच येईना. मी बैठक रद्द केली, खोटंच कारण सांगून. तिने राहिलेलं सांगितलं. मग बराच वेळ आम्ही दोघी तशाच होतो. खाली टायरवाल्याची हातोडी चालू होती. मला दर दोन मिनिटांनी उठावंसं वाटत होतं, आणि ते तिला दिसत होतं.

‘जमत नाही ना?’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘मलाही रोज नाही जमत. इथे एकटीला तर फारच कमी.’

आता मी तिला दर गुरुवारी दुपारी फोन करते. पहिली दहा मिनिटं तब्येत, गुडघे, माझ्या मुलीची परीक्षा. मग विषय संपतात. फोन आम्ही ठेवत नाही. तिच्याकडचा पंखा ऐकू येतो, माझ्याकडे नळ चालू असतो, मी भांडी घासते. आत्याला हे पुरतं असं मी म्हणणार नाही. फोन म्हणजे काही समोरची खुर्ची नव्हे, आणि आठवड्यात गुरुवार एकच असतो. परवा बराच वेळ काहीच आवाज आला नाही, तेव्हा मी घाबरून विचारलं, ‘आत्या, आहेस ना?’

‘आहे की,’ ती म्हणाली. ‘तू घास तुझी भांडी.’